इलेक्ट्रिक पियानो : सॉफ्टवेअर घ्यावं की खरं वाद्य?

स्वरवेल

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस एका प्रश्नावर माझं घोडं अडलंय. मी पियानो वाजवते, पण हल्ली मन जडलंय ते इलेक्ट्रिक पियानोवर, त्यातही ऱ्होड्सवर. हळू वाजवलं तर मऊ, गोल सूर आणि जोर दिला की तोच सूर गुरगुरायला लागतो, याचं मला अक्षरशः वेड लागलंय.

आता दोन वाटा आहेत. ओळखीतल्या एकांकडे जुना ऱ्होड्स स्टेज ७३ (७३ पट्ट्यांचा) आहे, त्यांना तो काढायचाय. बरीच वर्षं नुसता झाकून ठेवलेला आहे. दुसरी वाट म्हणजे लॅपटॉपवर चांगलं प्लगइन (वाद्याचा आवाज देणारं सॉफ्टवेअर) आणि वजनदार पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, म्हणजे कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढंच लॅपटॉपला कळवणारा.

घरी रेकॉर्डिंग करणं हा मुख्य उपयोग, आणि अधूनमधून आमच्या चौघांच्या ग्रुपबरोबर बाहेर वाजवणं. तुलनेचे व्हिडिओ भरपूर पाहिले. कधी फरक कळतो, कधी अजिबात कळत नाही. ज्यांनी दोन्ही हाताळलंय त्यांना विचारते: वाजवणाऱ्याच्या दृष्टीने नक्की काय बदलतं? आणि जुनं वाद्य सांभाळणं कितपत जड जातं?

शून्यएक

सॉफ्टवेअर घ्या. स्टेज ७३ चं वजन साठ किलोच्या घरात जातं, म्हणजे बाहेर वाजवायचं तर दर वेळी दोन माणसं आणि मोठी गाडी. वर पाय, पेडल आणि त्याचा दांडा वेगळा. स्टेज मॉडेलला स्वतःचा स्पीकरही नसतो, अँप्लिफायर निराळा न्यावा लागतो.

लॅपटॉपमध्ये ऱ्होड्स आहे, वुर्लिट्झर, क्लॅव्हिनेट ही दुसरी इलेक्ट्रिक वाद्यंही आहेत आणि सूर कधी उतरत नाही. रेकॉर्डिंगमध्ये एखादी नोट चुकली तर मिडीत तेवढीच दुरुस्त करा. हवं तर तेच वाजवणं ठेवून अख्खं वाद्य बदला. घरी रेकॉर्डिंग हाच मुख्य उपयोग असेल तर माझ्या मते प्रश्न इथेच मिटतो.

नादखुळा

+१. ड्रम्स, बास, गिटार आल्यावर मिक्समध्ये कोणालाही ओळखू येत नाही.

मंद्र

नादखुळा, ते ऐकणाऱ्याबद्दल झालं. स्वरवेलताई वाजवणार आहेत, आणि त्यांनी प्रश्नही वाजवणाऱ्याच्या बाजूने विचारलाय.

मी अनेक वर्षं ही वाद्यं उघडून दुरुस्त करतो आहे, म्हणून आत काय चालतं ते आधी सांगतो. ऱ्होड्सच्या प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते, तिच्या टोकाला निओप्रीन रबर. ती हातोडी पोलादाच्या एका बारीक काडीवर आपटते. त्या काडीला टाइन म्हणतात. टाइनच्या वर धातूची जाड पट्टी, टोन बार. दोन्ही मिळून एक असमान ट्यूनिंग फोर्क होतो, एक पाय बारीक आणि एक जाड. टाइनच्या टोकासमोर चुंबक आणि त्याभोवती कॉइल, म्हणजे पिकअप. टाइनवर छोटी स्प्रिंग बसवलेली असते. ती मोकळ्या टोकाकडे सरकवली की सूर उतरतो, मागे नेली की चढतो.

खरी जादू आहे ती टाइनचं टोक पिकअपसमोर नेमकं कुठे उभं आहे त्यात. टोक चुंबकाच्या बरोब्बर मध्यावर आणलंत तर मूळ सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि वरच्या सप्तकातला सूर पुढे येतो, कारण टाइन वर गेली काय नि खाली गेली काय, चुंबकाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. स्क्रू किंचित फिरवून टोक मध्यापासून जरासं वर नेलं की मूळ सूर भरून येतो. मग पिकअपचा स्क्रू सैल करून तो बोटाने पुढे ढकलायचा. जवळ आला की आवाज वाढतो आणि जोरात वाजवल्यावर ताई म्हणतात ती गुरगुर सुरू होते. मागे घेतला की सूर सौम्य. हे काम प्रत्येक सुरासाठी, ७३ वेळा करायचं आणि शेजारच्या सुरांशी जुळवत जायचं. दोन ऱ्होड्स एकसारखे का वाजत नाहीत याचं उत्तर यातच आहे.

आता सॉफ्टवेअरचं. सॅम्पलच्या लायब्ररीत तुम्हाला असा कुणीतरी जुळवलेला एक पियानो मिळतो, प्रत्येक सूर वेगवेगळ्या जोराने वाजवून टिपलेला. तो उत्तमच असेल. पण टाइन अजून थरथरत असताना तीच पट्टी पुन्हा दाबा. हलत्या झोक्याला धक्का देताना झोका त्या क्षणी कुठे आहे यावर पुढची झेप ठरते, तसं इथे होतं: कधी सूर फुलतो, कधी दबतो. सॅम्पलमध्ये पहिल्या आवाजावर दुसरा आवाज नुसता रचला जातो. एकच सूर पटापट घोळवणाऱ्या वादकाला हा फरक बोटांत कळतो, मिक्समध्ये ऐकू येवो वा न येवो.

शून्यएक

मंद्रकाका, फार सुंदर समजावलंत. सॅम्पलिंगबद्दल पूर्ण सहमत. पण सगळं सॉफ्टवेअर सॅम्पलचं नसतं, हे धाग्यात यायला हवं.

दोन घराणी आहेत. एक सॅम्पलचं. कीस्केपसारखी लायब्ररी पूर्ण उतरवली तर ७७ जीबी जागा खाते, कारण त्यात प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर अनेक पातळ्यांवर ध्वनिमुद्रित आहे, पट्टी सोडल्याचे आवाजसुद्धा. दुसरं फिजिकल मॉडेलिंगचं, म्हणजे पियानोटेक, लाउंज लिझर्ड वगैरे. यात ध्वनिमुद्रण नसतंच. हातोडीचा कडकपणा, टाइनचं कंपन, पिकअपचं अंतर यांची गणितं त्या क्षणी सोडवून आवाज तयार होतो. कंपन चालू असताना पुन्हा आघात झाला तर तोही गणितात धरता येतो. तुम्ही स्क्रूने जे करता ते इथे एका स्लायडरने होतं, पिकअप जवळ, लांब, मध्यावर, वर. आणि त्याला जागा लागते सॅम्पल लायब्ररीच्या मानाने नगण्य.

मंद्र

बरोबर. मॉडेलिंगवाल्यांनी फार मोठी मजल मारली आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. पियानो कसा जुळवायचा हे नव्या मुलांना शिकवताना मी आधी तो पिकअपचा स्लायडरच फिरवायला लावतो. कान तयार झाला की मगच हातात स्क्रूड्रायव्हर देतो.

आरोही

आवाजावर सगळे बोलताय, हाताबद्दल कुणीच बोलत नाही!

प्लगइनला तुमचं बोट दिसत नसतं. त्याला मिळतो फक्त जोराचा एक आकडा (व्हेलॉसिटी), १ ते १२७ मधला. बहुतेक कीबोर्डमध्ये पट्टीखाली दोन संपर्क असतात; पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून कीबोर्ड तो आकडा काढतो. म्हणजे तुमची सगळी नजाकत त्या मोजमापातून गाळून पुढे जाते. त्यामुळे एकच प्लगइन दोन कीबोर्डवर दोन वेगळी वाद्यं वाटतात. हलक्या सिंथ-पट्ट्यांवर हात जरा पडला की आकडा शंभरापार जातो आणि सतत गुरगुरच ऐकू येते. उलट ग्रँड पियानोसारख्या जड पट्ट्यांवर वरच्या पातळ्यांपर्यंत पोचायलाच कष्ट पडतात, आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर निर्जीव आहे.

यावर उपाय आहे. प्लगइनमध्ये किंवा कीबोर्डमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह असतो, बोटाच्या किती जोराला कोणता आकडा द्यायचा ते ठरवणारा. एक सूर अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत सावकाश चढवत वाजवा आणि आकडे बघा. मधले आकडे सहज यायला हवेत, ९० च्या पुढचे मुद्दाम जोर लावल्यावरच. ऱ्होड्सचा सगळा जीव त्या मधल्या भागात आहे, जिथे मऊ सूर धारदार व्हायला लागतो. तिथे कर्व्हचा चढ सौम्य ठेवला तर बोटाला खेळायला जागा मिळते. माझा अनुभव असा की हा कर्व्ह नीट बसवल्यावर मध्यम दर्जाचं प्लगइनही खुलतं, आणि न बसवता सर्वोत्तम प्लगइनही रुसून बसतं.

स्वरवेल, सॉफ्टवेअरच्या वाटेने गेलीस तर कीबोर्डवर जास्त लक्ष दे. प्लगइन नंतर बदलता येतं.

काळीपाच

आरोही, अगदी मनातलं लिहिलंस. मिडी २.० मध्ये व्हेलॉसिटी १६ बिटांची झाली आहे ना? मग हा १२७ चा प्रश्न सुटणार की.

आरोही

आकड्यांचा सुटेल, मोजण्याचा नाही. पट्टीखालचे संपर्क जितकं बारीक मोजतील तितकाच उपयोग. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर १२७ पातळ्याही नीट वापरल्या तर पुष्कळ आहेत. अडचण येते ती बहुतेकदा २० आणि ११० याच दोन टोकांवर हात अडकल्यामुळे.

पेटीवाला

तुम्हा लोकांचं हे वाचून मजा येतेय. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. लहान-मोठं करायचं ते भात्याने. त्यामुळे बोटाच्या जोरावर सुराचा पोतच बदलतो ही कल्पनाच माझ्यासाठी नवी आहे. एक बाळबोध प्रश्न विचारतो: इलेक्ट्रिक पियानो आणि साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यात फरक काय? दोन्ही विजेवरच चालतात ना?

अनाहत

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, धाग्याचा पायाच तो आहे. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमध्ये आवाज सर्किटमध्येच जन्मतो. इलेक्ट्रिक पियानोत खरोखर काहीतरी थरथरतं, वीज फक्त ते टिपते आणि मोठं करते. थरथरणारी वस्तू प्रत्येकाची निराळी. ऱ्होड्समध्ये टाइन. वुर्लिट्झरमध्ये पोलादाची चपटी रीड (पेटीवाल्यांना रीड सांगायला नको, पण इथे हवेऐवजी हातोडी). होनरच्या क्लॅव्हिनेटमध्ये ताणलेल्या तारा. यामाहाच्या सीपी-७० मध्ये तर खऱ्या पियानोसारख्या तारा आणि हातोड्या, फक्त लाकडी साउंडबोर्डच्या जागी पिकअप.

ऱ्होड्सची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हॅरल्ड ऱ्होड्स हे मुळात पियानोचे शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणात पडल्या पडल्या वाजवता यावा म्हणून त्यांनी मांडीवर मावेल असा छोटा पियानो बनवला. त्याला विमानांच्या भंगारातल्या अल्युमिनियमच्या नळ्या वापरल्या. पुढे १९५९ मध्ये गिटार बनवणारे लिओ फेंडर यांच्याबरोबर त्यांनी ३२ पट्ट्यांचा पियानो बास काढला. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीने फेंडर कंपनी घेतली आणि ७३ पट्ट्यांचा सूटकेस मॉडेल बाजारात आला. स्टेज आला १९७० मध्ये. साठच्या दशकाच्या अखेरीस जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया यांना इलेक्ट्रिक पियानोवर बसवलं, आणि जॅझमध्ये या वाद्याला मान मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उत्पादन थांबलं.

नादखुळा

थांबलं कशामुळे? यामाहाच्या डीएक्स७ या सिंथेसायझरमुळे ना? १९८३ ला आला आणि दोन वर्षांत सगळीकडे त्यातला ‘ई. पियानो १’ हाच तयार आवाज. म्हणजे तेव्हाच लोकांनी खरं वाद्य सोडून सर्किटमधला आवाज निवडला. हा वाद चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघालाय!

अनाहत

निकालात निघाला असता तर ऱ्होड्स परत आलाच नसता. २०२१ पासून एमके८ हे नवं मॉडेल पुन्हा बनतंय, टाइन आणि हातोड्यांसकट.

पण डीएक्स७ बद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एफएम पद्धतीने, सहा ऑपरेटर (ध्वनिलहरी बनवणारे भाग) एकमेकांवर चढवून त्यांनी इलेक्ट्रिक पियानोचा आवाज तयार केला, आणि तो निघाला काचेसारखा लख्ख, ऱ्होड्सपेक्षा पुष्कळ वेगळा. त्यावर एका अख्ख्या पिढीची गाणी उभी राहिली. आज त्या आवाजाचीसुद्धा प्लगइन बनतात, आणि खरा डीएक्स७ हवा की सॉफ्टवेअर यावर लोक असेच तावातावाने बोलतात. खुद्द ऱ्होड्स हा पियानोची सोय म्हणूनच जन्मला होता. म्हणून ‘खरं’ आणि ‘नकली’ अशी सरळ रेघ मला ओढता येत नाही. वाजवणाऱ्यांनी ज्याच्यात जीव ओतला ते वाद्य झालं.

मंद्र

अनाहत, शेवटचं वाक्य पटलं. फक्त एक भर घालतो. प्लगइनमध्ये जीव ओतायचा तर ते आपल्याजवळ टिकायलाही हवं. २०१९ मध्ये ॲपलच्या संगणकांवर मॅकओएस कॅटालिना आलं आणि तिथली जुन्या पद्धतीची, ३२ बिटांची सगळी सॉफ्टवेअरं एका फटक्यात बंद झाली. ज्या वाद्यांवर लोकांनी वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग केलं ती उघडेनात. माझ्याकडे मात्र सत्तरच्या दशकातले पियानो येतात, रबर कडक झालेलं, फेल्ट झिजलेलं, आणि चार सुटे भाग बदलले की बोलायला लागतात.

शून्यएक

काका, हा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याला तोडगाही आहे. रेकॉर्डिंग संपलं की मिडीबरोबर ऑडिओ फाइलही काढून ठेवायची, म्हणजे प्लगइन गेलं तरी गाणं जात नाही. आणि ‘चार सुटे भाग’ हे तुमच्यासारख्या हातांना सोपं. प्रत्येकाजवळ मंद्रकाका असतीलच असं नाही.

निशाचर

माझं वाजवणं सगळं रात्रीचं, त्यामुळे हेडफोन आणि प्लगइन हे माझ्यासाठी वरदान आहे. पण लेटन्सीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? सुरुवातीला पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा यायचा आणि लय हातातून निसटायची.

शून्यएक

बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तयार करतो तो) कमी करा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, ६४ चा म्हणजे निम्मा. कीबोर्ड, यूएसबी, कन्व्हर्टर मिळून आणखी थोडी भर पडते. एकूण दहा मिलिसेकंदांच्या आत राहिलं की बहुतेकांच्या बोटांना ते खुपत नाही. ताडून पाहायला: तीन मीटर लांब ठेवलेल्या अँपमधून आवाज कानापर्यंत यायलाच जवळपास ९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे खरा ऱ्होड्स स्टेजवर वाजवतानाही तेवढा उशीर होतोच. विंडोजवर असाल तर एएसआयओ (उशीर कमी करणारा ऑडिओ) ड्रायव्हर हवाच. आणि ब्लूटूथ हेडफोन चुकूनही नको, त्याचा उशीर या सगळ्याच्या कितीतरी पट असतो.

निशाचर

ब्लूटूथच होता! तार लावली आणि प्रश्न सुटला. शून्यएक, मनापासून आभार.

मंद्र

निशाचर, रात्री वाजवणाऱ्यांसाठी एक गुपित. स्टेज ७३ ला वीज लागतच नाही. पिकअप आणि दोन नॉब, बस. अँप न लावता वाजवला तर टाइनचा बारीक, स्वच्छ आवाज फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येतो. बोटांची तयारी करायला याहून सुंदर काही नाही.

काळीपाच

सगळे ऱ्होड्सचं गुणगान गाताय, म्हणून वुर्लिट्झरची बाजू मांडते. २००ए मॉडेल सुमारे २५ किलोचं, स्पीकर अंगातच, ६४ पट्ट्या. एकटी बाई उचलू शकते, मी उचलते. आवाज ऱ्होड्सपेक्षा रुक्ष आणि बोलका, जोरात वाजवला की चावतो. पन्नासच्या दशकात गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांनी याच घराण्यातलं मॉडेल वापरलं होतं. गाण्याच्या साथीला मला तोच बरा वाटतो, कारण ऱ्होड्सचे खालचे सूर फार पसरतात आणि बासशी भांडतात.

सांभाळणं मात्र अवघड. रीडच्या टोकाला शिशाच्या डागाचा गोळा असतो, सूर लावायचा तर तो कानशीने घासायचा (सूर चढतो) किंवा वाढवायचा (सूर उतरतो). जोरात वाजवणाऱ्यांच्या हातून रीड तुटतातही. आणि तिथे पिकअप चुंबकाचा नसतो, रीड आणि त्याभोवतीची पट्टी यांच्यात दीडशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. ज्याला त्यातलं कळतं त्यानेच झाकण उघडावं.

सॉफ्टवेअरबद्दल सांगायचं तर वुर्लिट्झरची प्लगइन मला ऱ्होड्सच्या प्लगइनपेक्षा कमी पटतात. तो चावा बहुतेकांना नीट पकडता आलेला नाही.

आरोही

तो चावा बऱ्याचदा अँपचा असतो, काळीपाच. आपण रेकॉर्डवर ऐकतो तो आवाज नुसत्या पियानोचा नसतोच. ऱ्होड्सच्या सूटकेस मॉडेलमध्ये आवाज डावी-उजवीकडे झुलवणारा ट्रेमोलो असतो. स्टेजवाले व्हॉल्व्हचा गिटार अँप लावायचे, मध्ये फेझर नाहीतर कोरसचं, आवाजाला लहरता करणारं पेडल. प्लगइनचा आवाज कोरडा काढून खऱ्या अँपमधून सोडून बघा. भरगच्च कॉर्ड अँपमध्ये शिरले की सूर एकमेकांत मिसळून खरखर निर्माण होते, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर सपाट वाटणारं प्लगइन एकदम अंगावर येतं. आमच्या ग्रुपमध्ये मी हेच करते: कीबोर्ड, लॅपटॉप, आणि शेवटी गिटारिस्टकडून मागून आणलेला अँप.

नादखुळा

गिटारिस्टने अँप दिला? त्याला जपा, अशी माणसं दुर्मिळ आहेत. :)

स्वरवेल

बाप रे, दोन दिवस आले नाही तर इतकं लिहिलंय सगळ्यांनी! खूप खूप आभार. आरोही, तुझा कर्व्हचा सल्ला मैत्रिणीच्या कीबोर्डवर करून पाहिला. मधल्या पातळ्यांत खरंच जमीन-अस्मानाचा फरक पडला. त्यामुळे सॉफ्टवेअरची वाट मला आता आधीपेक्षा जास्त जवळची वाटते.

पण मंद्रकाकांचं वाचल्यापासून तो झाकलेला पियानोही डोक्यातून जात नाही. या आठवड्यात तो बघायला जातेय. काका, काय काय तपासू?

मंद्र

जरूर जा ताई. अँप आणि केबल सोबत न्या. प्रत्येक सूर आधी अगदी हळू वाजवा, मग जोरात. हळू वाजवताना हातोडी दोनदा आपटत असेल किंवा जोरात वाजवताना सूर गुदमरत असेल तर हातोडी आणि टाइनमधलं अंतर बिघडलंय. ते जुळवता येतं. वरचं झाकण काढून हातोड्यांची टोकं बघा. रबरावर टाइनची खोल रेघ उमटली असेल तर टोकं बदलावी लागतील. जुन्या वाद्यात हे होणारच, त्याने घाबरू नका. टाइनवर गंज आहे का ते मात्र नीट पाहा. सगळ्याच टाइन गंजल्या असतील तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

पट्ट्या जड लागल्या तर लगेच नाही म्हणू नका. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मार्क वन (त्या काळची ऱ्होड्सची आवृत्ती) मध्ये पट्टीच्या मागच्या टोकावर, हातोडी जिथे टेकते तिथे, छोटा उंचवटाच ठेवलेला नव्हता. तो नंतर बसवता येतो आणि हात लगेच हलका होतो. अनेकजण ऱ्होड्सच्या पट्ट्यांना नावं ठेवतात ती एवढ्याशा तुकड्याअभावी.

पाय, पेडल आणि पेडलचा दांडा आहेत ना ते विचारा. आत लाकडावर किंवा टाइनच्या चौकटीवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तो इथे कळवा.

शून्यएक

ताई, काका म्हणतात ते सगळं करा. माझी एवढीच विनंती की परत आल्यावर त्याच दिवशी मॉडेलिंगच्या प्लगइनची मोफत चाचणी आवृत्ती उतरवून वाजवा. हाताला खऱ्या पट्ट्यांची आठवण ताजी असताना तुलना केली तरच ती खरी. आणि तुलना करताना दोन्ही एकाच अँपमधून ऐका.

पेटीवाला

जमलं तर रेकॉर्डिंगही टाका. या धाग्याने मला नादाला लावलंय.

स्वरवेल

जाऊन आले! शिक्का ४२७५, म्हणजे १९७५ चा बेचाळिसावा आठवडा. पाय, पेडल, दांडा सगळं आहे. गंज अगदी थोडा, खालच्या सप्तकात. रबरावर रेघा आहेत. पट्ट्या जड आहेत, तो उंचवटा नाही.

मधली दोन सप्तकं वाजवताना मात्र मी जागची हलले नाही. सूर लागलेला नव्हता, तरी डावा हात धरून ठेवून उजव्या हाताने तोच एक सूर पुन्हा पुन्हा घोळवला आणि काका म्हणतात ते फुलणं-दबणं प्रत्यक्ष कळलं. संध्याकाळी शून्यएकने सांगितल्याप्रमाणे चाचणी आवृत्ती त्याच अँपमधून वाजवली. आवाजात फारच थोडा फरक वाटला. हातात मात्र वाटला. प्लगइनवर मी आवाज ऐकून जोर ठरवत होते, पियानोवर बोटाला आधीच कळत होतं.

बाहेर वाजवायला मी लॅपटॉपच नेणार, हे पक्कं झालं. ग्रुपमधल्या कुणाच्याही पाठीवर साठ किलो लादायचे नाहीत. प्रश्न आता घरच्या वाद्याचा आहे. त्या पियानोत वरच्या सप्तकातले चार सूर वाजतच नाहीत, म्हणून निर्णय थांबवलाय. मालक म्हणतात आठवडाभर विचार करा. हे चार सूर म्हणजे मोठं दुखणं आहे का?

आरोही

‘बोटाला आधीच कळत होतं’ हे इतकं अचूक लिहिलंयस की मला माझा कीबोर्ड परत उघडून कर्व्ह तपासावासा वाटतोय.

मंद्र

ताई, त्या चार सुरांपाशी परत जा आणि अँप बंद करून कान टाइनजवळ न्या. पट्टी दाबल्यावर टाइन स्वच्छ वाजत असेल पण अँपमधून काहीच येत नसेल तर पिकअपची कॉइल तुटली आहे किंवा तिचा सोल्डर सुटलाय. पिकअपची एक तार सुटी करून मल्टिमीटर लावून बघा, तुटलेल्या कॉइलवर आकडा येणारच नाही. अशा वेळी तो एक पिकअप बदलला की काम झालं.

टाइनच नुसती ‘टक्’ करून थांबत असेल तर आधी टोन बारचे स्क्रू आणि त्याखालचे रबरी वायसर बघा. ते कडक झाले किंवा स्क्रू जास्त आवळला गेला की वरचे सूर लगेच मरतात. अर्धा फेरा सैल करून पुन्हा वाजवा. तरीही सूर आला नाही तर टाइन तडकलेली असेल. ती आजही नवी मिळते.

वरच्या सप्तकात आणखी एक शक्यता असते. तिथे टाइन फार आखूड असते, त्यामुळे हातोडी कणभर पुढे-मागे पडली तरी सूर जातो. टाइनची चौकट धरून ठेवणारे स्क्रू सैल करून ती अगदी किंचित सरकवली की चारही सूर एकदम परत येतात. चार सूर शेजारी शेजारीच गेले असतील तर मी आधी हेच तपासेन.

स्वरवेल

शेजारी शेजारीच आहेत, काका! परवा मल्टिमीटर घेऊन जाते. आत हात घालायला भीती नाही ना?

मंद्र

केबल काढून ठेवा आणि खुशाल हात घाला, स्टेजमध्ये वीजच नसते. वुर्लिट्झर असता तर मी काळीपाचसारखंच झाकणाला हात लावू नका म्हटलं असतं. फक्त टाइनच्या टोकांना बोटं लावू नका, घामाने गंज धरतो. चौकट सरकवण्याआधी तिची मूळ जागा पेन्सिलीने लाकडावर आखून घ्या, आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून इथे टाका, मी बघून सांगतो.